लहान दुर्बीण आणि विशाल तेजोमेघ

दुर्बीण जितकी मोठी तितके आकाश अधिक चांगले दिसते, असा सर्वसाधारण समज आहे. ग्रहांच्या आणि दूरच्या, लहान दिसणाऱ्या दीर्घिकांच्या बाबतीत तो बव्हंशी खराही आहे. परंतु आकाशात अशाही काही वस्तू आहेत, की ज्या मोठ्या दुर्बिणीत मावतच नाहीत. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, घोडेगावजवळ गिरवली येथे आयुका या संस्थेची वेधशाळा २००६ साली सुरू झाली. तेथील दुर्बिणीचा आरसा २ मीटर व्यासाचा आहे. मात्र तिच्यावरील प्रमुख उपकरणास एका वेळी आकाशाचा सुमारे १० कलांचाच तुकडा दिसतो. एक अंश म्हणजे ६० कला, आणि पौर्णिमेचे चंद्रबिंब सुमारे ३० कलांचे असते. म्हणजे या महाकाय दुर्बिणीस चंद्राचा व्याससुद्धा एका दृष्टिक्षेपात सामावून घेता येत नाही.

आता शृंगाश्व तारकासमूहातील ‘रोझेट’ नावाचा तेजोमेघ पाहा. त्याचा व्याप सुमारे ८० कलांचा, म्हणजे चंद्रबिंबाच्या अडीच पटींहून अधिक आहे. हंस तारकासमूहातील ‘उत्तर अमेरिका’ तेजोमेघ सुमारे दोन अंशांचा, तर त्याच समूहातील ‘जाळीदार’ तेजोमेघाच्या सगळ्या कडा मिळून सुमारे तीन अंश व्यापतात. अशा वस्तूंसाठी गिरवलीच्या दुर्बिणीपेक्षा एखाद्या माध्यमिक शाळेस परवडेल अशी, हातात उचलून नेता येण्याजोगी भिंगांची दुर्बीण अधिक उपयोगी ठरते. ती लहान असूनही उपयोगी ठरते असे नव्हे. ती आखूड असते म्हणूनच उपयोगी ठरते.

हे का, ते समजण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. प्रस्तुत लेखकाप्रमाणे जे कला शाखेतून आले आहेत, त्यांनीही भिण्याचे कारण नाही. भागाकाराच्या पलीकडे यात काही नाही.

भिंगांच्या दुर्बिणीत पुढे एक मोठे वस्तुभिंग आणि डोळ्याजवळ एक लहान नेत्रिका असते. वस्तुभिंगाच्या नाभीय अंतरास नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले म्हणजे दुर्बिणीची विवर्धनशक्ती मिळते. आपल्याकडील अनेक शाळांत जुन्या पद्धतीची लांब नळीची दुर्बीण असते. तिचे वस्तुभिंग ८० मिलिमीटर व्यासाचे आणि नाभीय अंतर १२०० मिलिमीटर आहे असे समजू. तिला २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली, तर वस्तू ४८ पट मोठी दिसेल. सामान्य नेत्रिकेचे स्वतःचे दृष्टिक्षेत्र सुमारे ५० अंशांचे असते. त्यास ४८ ने भागले असता आकाशाचा जेमतेम एक अंश दिसेल. आता वस्तुभिंग तेवढ्याच व्यासाचे, पण नाभीय अंतर केवळ ४०० मिलिमीटर असलेली आखूड दुर्बीण घ्या. तीच नेत्रिका लावली असता विवर्धन १६ पट होते आणि आकाशाचा तीन अंशांहून थोडा अधिक भाग दिसतो. लांब दुर्बिणीत ‘रोझेट’चा मधला तुकडा दिसेल. आखूड दुर्बिणीत तो संपूर्ण तर दिसेलच, शिवाय त्याच्या भोवतालचे काळे आकाशही दिसेल.

हे भोवतालचे काळे आकाश फार महत्त्वाचे असते. तेजोमेघ म्हणजे काही रेखीव कडांची वस्तू नव्हे. फिकट उजेड आणि त्याहून किंचित अधिक काळोख यांतील फरक ओळखूनच डोळ्यास त्याचे अस्तित्व कळते. सगळे दृष्टिक्षेत्र मेघानेच व्यापले, तर पाहणाऱ्यास काहीच दिसले नाही असे वाटते. गॅलिलिओने १६१० साली मृगाच्या पट्ट्यातील व त्याखालील अनेक तारे रेखाटून प्रसिद्ध केले. तेथील विख्यात तेजोमेघाची मात्र त्याने नोंद केली नाही. त्याच्या दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र चंद्रबिंबाच्या निम्म्याइतकेच होते, ही गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच वर्षी फ्रान्समधील पेरेस्क या अभ्यासकास तो मेघ दुर्बिणीतून दिसला.

भिंग वाढवून तेज वाढत नाही

येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. दुर्बीण मोठी घेतली तर प्रकाश अधिक गोळा होईल, मग मेघ अधिक तेजस्वी दिसणार नाही काय? ताऱ्याच्या बाबतीत तसे होते, कारण तारा हा केवळ बिंदू आहे. पसरलेल्या वस्तूच्या बाबतीत मात्र निसर्गाचा नियम निराळा आहे. नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी ही वस्तुभिंगाच्या व्यासास विवर्धनाने भागून येते. आपल्या ८० मिलिमीटर दुर्बिणीत १६ पट विवर्धनास ती ५ मिलिमीटर येईल. ४०० मिलिमीटर व्यासाची मोठी दुर्बीण ८० पट विवर्धनाने वापरली, तरीही ती ५ मिलिमीटरच येते. दोन्ही दुर्बिणींत मेघाच्या पृष्ठभागाचे तेज सारखेच दिसणार. मोठ्या दुर्बिणीत तो पाचपट मोठा दिसेल, त्यातील बारकावेही अधिक कळतील, पण दृष्टिक्षेत्र सहा दशांश अंशावर येईल. विस्तृत वस्तूचे पृष्ठतेज नुसत्या डोळ्यास दिसते त्याहून अधिक वाढविणे कोणत्याही दुर्बिणीस शक्य नाही. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत रुंदावते, वयपरत्वे ती कमी होते. त्यापेक्षा जाड झोत डोळ्यात शिरूच शकत नाही.

यातून निघणारा निष्कर्ष असा की, मोठ्या तेजोमेघांच्या निरीक्षणात पैशाने विकत घेता येणारी वस्तू दुय्यम असून आकाशाचा काळोख हीच मुख्य सामग्री आहे. मेघाचे तेज वाढविता येत नाही. भोवतालच्या आकाशाचे तेज मात्र माणसाच्या हाती आहे, आणि ते आपण वाढवीत चाललो आहोत. शहराजवळ ‘रोझेट’चा मेघ मोठ्या दुर्बिणीतूनही हरवतो. काळोख्या गावाच्या शिवारात तो लहान दुर्बिणीत सापडतो. शाळेत दुर्बीण नसेल, तर १० पट विवर्धनाची व ५० मिलिमीटर भिंगांची द्विनेत्रीही चालेल. ती म्हणजे आखूड नाभीय अंतराच्या दोन दुर्बिणींची जोडीच असते, आणि तिचाही प्रकाशझोत ५ मिलिमीटरचाच असतो.

आखूड दुर्बिणीचे दोषही सांगितले पाहिजेत. साध्या दोन भिंगांच्या वस्तुभिंगातून सर्व रंग एकाच ठिकाणी एकत्र येत नाहीत. त्यामुळे चंद्राच्या किंवा व्याधासारख्या ठळक ताऱ्याच्या कडेस जांभळी झालर दिसते. शनीचे कडे किंवा गुरूचे पट्टे पाहण्यास ती लांब नळीचीच दुर्बीण बरी; ती मोडीत काढू नये. तेजोमेघांच्या निरीक्षणात मात्र हा दोष फारसा आड येत नाही. एक तर विवर्धन कमी असते. दुसरे असे की, या मेघांचा डोळ्यास जाणवणारा प्रकाश मुख्यतः हिरव्या रंगाच्या एका लहानशा पट्ट्यातच एकवटलेला असतो. या हिरव्या प्रकाशाच्या इतिहासात महाराष्ट्राचाही थोडा वाटा आहे.

पुण्यातून पाहिलेली हिरवी रेषा

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेत, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ साली ‘महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा’ उभी राहिली. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे प्रमुख होते. तेथील २० इंच व्यासाचा परावर्तक हा त्या काळी देशातील सर्वांत मोठा होता. नायगमवाला यांनी त्यास वर्णपटदर्शक जोडून मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटातील प्रमुख हिरव्या रेषेचा अभ्यास केला, आणि १८९१ साली आपले निष्कर्ष लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. नॉर्मन लॉकियर या नामवंत ज्योतिर्विदाचे मत असे होते की, ही रेषा म्हणजे मॅग्नेशियमच्या एका अस्पष्ट पट्ट्याचा अवशेष आहे. पुण्यातील निरीक्षणांत ती सर्व परिस्थितीत रेखीव व तीक्ष्णच आढळली, आणि त्यामुळे लॉकियरच्या मतास आधार उरला नाही.

ही रेषा विल्यम हगिन्स याला १८६४ साली प्रथम दिसली होती. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचे एक काल्पनिक मूलद्रव्य मानले गेले. अखेरीस १९२७ साली आयरा बोवेन याने दाखवून दिले की, ती साध्या ऑक्सिजनचीच आहे. मात्र त्या ऑक्सिजनच्या अणूतून दोन इलेक्ट्रॉन निघून गेलेले असतात, आणि तो पृथ्वीवरील कोणत्याही निर्वात नळीपेक्षा कितीतरी विरळ अवस्थेत असतो.

हा केवळ इतिहास नाही. याच रेषेचा आणि तिच्या शेजारच्या दोन रेषांचा प्रकाश तेवढा आत सोडून बाकीचा अडविणारी प्रकाशगाळणी, म्हणजेच फिल्टर, आज बाजारात मिळते. ती नेत्रिकेस आटे फिरवून बसविता येते. तिने मेघ अधिक तेजस्वी होत नाही. मागचे आकाश काळे होते आणि मेघ उठून दिसतो. हंसातील ‘जाळीदार’ मेघ लहान दुर्बिणीत अशा गाळणीवाचून फार क्वचितच ओळखता येतो. विल्यम हर्शेल याला तो १७८४ साली सापडला, तेव्हा अशी कोणतीही सोय नव्हती. मात्र त्याच्या आकाशात विजेचा दिवाही नव्हता.

अकोले तालुक्याचे आकाश

पूर्वीचा अहमदनगर, म्हणजेच आजचा अहिल्यानगर जिल्हा अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो. त्याचा पश्चिमेकडील अकोले तालुका मात्र सह्याद्रीच्या कुशीत आहे. राज्यातील सर्वोच्च असे १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, हरिश्चंद्रगड, रतनवाडी, घाटघर, साम्रद आणि १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणामागील भंडारदरा जलाशय, हा सारा परिसर याच तालुक्यात येतो. डोंगरांमुळे वस्ती विरळ आणि मोठी शहरे दूर आहेत. पावसाळ्याचे चार महिने येथे आकाशाचे दर्शनच घडत नाही, हे खरे. उरलेल्या आठ महिन्यांत, अमावास्येच्या आगेमागे, जिल्ह्याच्या या कोपऱ्यात आकाशगंगेचा पट्टा डोळ्यांनी सहज दिसू शकतो.

येथील अक्षांश सुमारे साडेएकोणीस अंश उत्तर आहे, आणि तोही निरीक्षकास लाभदायक ठरतो. या अक्षांशावरून उत्तरेकडील हंस आणि दक्षिणेकडील नौतल हे दोन्ही तारकासमूह पाहता येतात. नौतलातील महान तेजोमेघ सुमारे दोन अंश रुंद असून मृगातील मेघापेक्षाही विस्तृत आहे. लंडन किंवा पॅरिसच्या क्षितिजावर तो कधीच येत नाही. आपल्याकडे तो दक्षिण क्षितिजापासून सुमारे ११ अंश वर येतो. हात लांब करून मूठ धरली, तर ती साधारण दहा अंशांची भरते. तेवढीच ही उंची. एप्रिलच्या मध्यास रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास त्रिशंकूच्या पश्चिमेस तो शोधावा. दक्षिणेकडे डोंगर किंवा गावाचे दिवे नसलेली जागा मात्र निवडली पाहिजे. याच नौतलात अगस्त्य हा ठळक तारा आहे. अकोले गावी प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे, तेथील मुलांना ही दिशा वेगळी शिकवावी लागू नये.

नवशिक्यांनी आरंभ मृगापासूनच करावा. येथे शिक्षकांना एक गोष्ट मुलांपुढे मांडता येईल. आपला शेतकरी ‘मृग लागला’ असे जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर म्हणतो, तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असतो. म्हणून ज्या दिवसांत मृगाचे नाव सर्वांच्या तोंडी असते, नेमक्या त्याच दिवसांत तो रात्री दिसत नाही. तो पाहावयाचा हिवाळ्यात. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात रात्री नऊच्या सुमारास तो दक्षिणेस खूप उंचावर असतो. पोटातील बाणाचे तीन तारे सर्वांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्या दक्षिणेस एका ओळीत तीन फिकट तारे दिसतात, त्यांपैकी मधला तारा डोळ्यांनाही धूसर भासतो. तोच तेजोमेघ. आखूड दुर्बिणीत तो पंख पसरलेल्या पाखरासारखा दिसतो. त्याच्या गाभ्यात चार ताऱ्यांचा लहानसा चौकोन असून या कोवळ्या, तप्त ताऱ्यांच्या प्रारणानेच तेथील वायू प्रकाशमान झाला आहे. हा मेघ आपल्यापासून सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर आहे.

तासाभरानंतर ‘रोझेट’ माथ्याजवळ येतो. मृगातील काक्षी आणि पूर्वेकडील प्रश्वा या ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेवर, काक्षीपासून साधारण एकतृतीयांश अंतरावर, प्रथम ताऱ्यांचा एक लहान पुंज दिसेल. मेघ त्या पुंजाभोवती कड्याप्रमाणे आहे आणि फारच फिकट आहे. धनु राशीतील ‘खाजण’ तेजोमेघ त्यामानाने सोपा असून मेच्या मध्यास पहाटे तीनच्या सुमारास तो दक्षिणेस, विंचवाच्या नांगीपासून ईशान्येस दीड मुठीवर असतो. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात रात्री आठच्या सुमारास हंस डोक्यावर येतो. डेनेब या ताऱ्याच्या पूर्वेस तीन अंशांवर ‘उत्तर अमेरिका’ मेघ आहे. हे नाव त्यास माक्स वोल्फ याने १८९० साली घेतलेल्या छायाचित्रावरून पडले.

मुलांना रंगीत छायाचित्रे दाखवून मग दुर्बिणीपाशी आणले, तर त्यांचा विरस होतो. अंधुक प्रकाशात डोळ्यास रंग कळत नाहीत, म्हणून मेघ करडाच दिसणार, हे आधीच सांगून ठेवावे. अंधारात किमान वीस ते तीस मिनिटे थांबल्याखेरीज दुर्बिणीस डोळा लावू नये. त्या अवधीत भ्रमणध्वनीचा पडदा एकदा जरी उजळला, तरी तेवढा वेळ पुन्हा मोजावा लागतो. विजेरीस लाल जिलेटीन कागद बांधावा. मेघाकडे थेट न पाहता किंचित बाजूस पाहावे, कारण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यापासून दूर असतात. आणि दुर्बीण शाळेत असेल तर ती दिवसा कोणीही सूर्याकडे वळविणार नाही, याची जबाबदारी एका शिक्षकाने नावानिशी घ्यावी. एका क्षणात दृष्टी कायमची जाऊ शकते.

ज्यांना मार्गदर्शन हवे आहे, त्यांच्यासाठी पुण्याची ‘ज्योतिर्विद्या परिसंस्था’ १९४४ पासून, आणि मुंबईचे ‘खगोल मंडळ’ १९८५ पासून हौशी निरीक्षकांत काम करीत आले आहे. अलीकडे छायाचित्रणाकडे ओढा वाढला आहे. ५० मिलिमीटर भिंगाच्या, २५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या स्वयंचलित दुर्बिणी अनेक लघुचित्रे एकावर एक रचून भ्रमणध्वनीवर मेघाचे रंगीत चित्र उमटवितात. त्यांचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. तथापि चित्र पाहणे आणि मेघ पाहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दिवाबत्तीचा प्रश्न

गावातील दिवाबत्ती हे ग्रामपंचायतीचे काम, आणि तेजोमेघांचे भवितव्य या कामाशी निगडित झाले आहे. अकोले, संगमनेर या भागांत बिबट्याचा वावर आहे. रात्री शेतास पाणी देण्यासाठी जाणाऱ्या माणसास, अंगणात निजणाऱ्या वृद्धास उजेड हवाच असतो. तेव्हा दिवे बंद करा, असे कोणी सुचविले तर गावाने ते ऐकू नये. प्रश्न दिवा असण्या-नसण्याचा नसून त्याचे तोंड कोणीकडे आहे याचा आहे. चौकातील उंच खांबावरील तिरपे लावलेले दिवे आपल्या उजेडाचा काही भाग आकाशास व शेजारच्या डोंगरास देतात. डोळ्यावर त्यांची तिरीप येते, त्यामुळे दिव्यापलीकडील अंधारात काय आहे ते उलट दिसेनासे होते. बिबट्याच्या दृष्टीने ही सोयीचीच गोष्ट.

दिव्याच्या रंगासही महत्त्व आहे. निळसर पांढऱ्या एलईडी दिव्यातील निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो आणि सारे आकाश दुधाळ करतो. ३००० केल्विन किंवा त्याहून कमी रंगतापमानाचे पिवळसर एलईडी दिवे तेवढीच वीज घेतात असे म्हणता येणार नाही, त्यांची कार्यक्षमता किंचित कमी असते. पण वर झाकण असलेल्या दिव्याचा सगळा उजेड रस्त्यावर पडत असल्याने कमी वॅटचा दिवा पुरतो आणि हिशेब जुळतो. भंडारदरा परिसरात पावसाळ्यापूर्वी काजवे पाहण्यास हजारो पर्यटक येतात. काजव्यांचे मीलन त्यांच्या प्रकाशसंकेतांवर अवलंबून असल्याने जे दिवे तेजोमेघ पुसतात, तेच काजव्यांच्याही मुळावर येतात. जलाशयाकाठी तंबू उभारून पर्यटकांची सोय करणाऱ्या ग्रामस्थांचा या दोन्ही गोष्टींशी रोजगाराचा संबंध आहे.

असे काही आपल्याकडे घडू शकते काय, या शंकेस नागपूर जिल्ह्याने उत्तर दिले आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांच्या परिसरातील शंभराहून अधिक पथदिवे व सार्वजनिक दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले दिवे बसविण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत. तेथेही वाघ-बिबट्यांचा वावर आहेच.

आपल्या गावातील दिवे कसे आहेत, हे पाहण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. अमावास्येच्या रात्री गावाबाहेर दोनशे पावले जाऊन मागे वळून पाहावे. प्रकाशित रस्ता दिसला पण दिवा स्वतः डोळ्यांस दिसला नाही, तर तो योग्य बसविला आहे. दिवाच डोळ्यांत भरत असेल, तर त्या खांबाचा क्रमांक लिहून घ्यावा आणि पुढील मासिक सभेत दुरुस्तीच्या यादीत घालावा.